डाव कळत नाही, तरी डोळे भरतात

फोंडा तालुक्यातून एका ताईंचं सहा पानी पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे, म्हणून इथे फक्त सारांश देते.

ताई ४६ वर्षांच्या, माध्यमिक शाळेत शिक्षिका. लग्नाला १९ वर्षं झाली. यजमान कॉलेजपासून बुद्धिबळ खेळतात, रेटिंगच्या स्पर्धांना जातात, रविवारी गावातल्या मुलांना शिकवतात. ताईंना खेळ येत नाही. दोनदा शिकायला बसल्या, पण दहा-बारा चालींनंतर मन उडालं. बुद्धिबळावरचे सिनेमे आणि मालिका मात्र त्यांना मनापासून आवडतात. पाच-सहा वर्षांपूर्वी 'द क्वीन्स गॅम्बिट' ही बुद्धिबळ खेळणाऱ्या एका अनाथ मुलीची मालिका पाहिली आणि तेव्हापासून मिळेल ते बघत गेल्या, काही तर तीन-तीनदा. यजमान शेजारी बसले की चुका काढायला सुरुवात होते: पट उलटा मांडलाय, इतक्या भराभर कुणी खेळत नाही, राजा असा कुणी आडवा पाडत नाही. एकदा शेवटच्या प्रसंगात ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा ते म्हणाले, "तुला बुद्धिबळ नकोय, तुला रडायला निमित्त हवंय." त्या दिवसापासून ताई हेडफोन लावून एकट्या बघतात. २०२५च्या नोव्हेंबरात आपल्या गोव्यात हडफड्याला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप झाला, तेव्हा यजमान बाहेरच्या खोलीत मोबाइलवर रोजचे डाव बघत होते आणि ताई आतल्या खोलीत सिनेमा. आता ११ वर्षांची धाकटी मुलगी आईसोबत मालिका बघून म्हणते, मला वर्गाला घाल. वडील म्हणतात, सिनेमातून आलेली हौस आहे, चार दिवसांत उतरेल. ताई विचारतात: माझी आवड खोटी आहे का? ती खरी ठरावी म्हणून खेळ शिकायला हवा का? आणि मुलीचं काय करू?

ताई,

तुमचं पत्र वाचून झालं आणि मला आमच्या घराचा सोपा आठवला. संध्याकाळी वडील आणि शेजारचे मास्तर तिथे पट मांडून बसायचे. लाकडी सोंगट्या, रंग उडालेल्या. काळ्याचं एक प्यादं कधीचं हरवलेलं, त्याच्या जागी काजूची बी ठेवलेली असायची. घोडा कसा चालतो हेसुद्धा मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तरी आई दिवा लावायला हाक मारेपर्यंत मी खांबाला टेकून बसायची. पटाकडे माझं लक्ष नसायचं. मास्तरांना चाल सुचेना की ते कानाची पाळी चोळत राहायचे, आणि सुचली की हात तिथल्या तिथे थांबायचा. तो हात थांबला की माझ्या पोटात गोळा यायचा. आता काहीतरी होणार, एवढंच कळायचं. कधीतरी ती काजूची बीच सरकत सरकत पलीकडच्या टोकाला पोचायची आणि तिचा वजीर व्हायचा, मग दोघंही मोठ्यानं हसायचे.

तुम्ही पडद्यावर जे बघता ते हेच असावं. बुद्धिबळाच्या सिनेमात पट फार थोडा वेळ दिसतो. पुढच्या वेळी मुद्दाम लक्ष ठेवा. दिसतात ते डोळे, आवळलेले ओठ, घड्याळावर पडणारा हात, सोंगटीवर घुटमळणारी बोटं. बाहेरून काहीच घडत नसतं, तरी आत काय चाललंय ते आपल्याला जाणवतं. क्रिकेटमध्ये फलंदाज लांब असतो, हेल्मेटच्या आड असतो. इथे दोघं हातभर अंतरावर समोरासमोर बसलेले. बोलायची मुभा नाही. फासे नाहीत, म्हणजे नशिबाला जागा नाही. हरलो तर खेळपट्टीला, पावसाला, पंचाला बोल लावता येत नाही. वर घड्याळ चालू. आणि मुरलेले खेळाडू बहुतेक वेळा मात होईपर्यंत थांबतही नाहीत. हरणाऱ्यानं स्वतःच हात पुढे करून हरलो हे मान्य करायचं असतं. विचार करा, आपल्या आयुष्यात हे असं उघड, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, किती वेळा करावं लागतं?

आपण जत्रेच्या नाटकांवर वाढलेली माणसं. रात्री दोन वाजता, लहान मुलं आईच्या मांडीवर झोपलेली असताना, मंडपात एकदम शांतता कधी पसरते, हे तुम्हीही अनुभवलं असेल. पात्र बोलायचं थांबतं आणि ठरवतं, तेव्हा. बुद्धिबळाचा सिनेमा म्हणजे अशा क्षणांची माळच. म्हणून तो न खेळणाऱ्यालाही पकडतो. तुम्ही पाहिलेली ती सात भागांची मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये आली आणि पहिल्या २८ दिवसांत ६ कोटी २० लाख घरांत पाहिली गेली, असं नेटफ्लिक्सनं जाहीर केलं होतं. एवढ्या घरांत बुद्धिबळ येणारे किती असतील? तुम्ही एकट्या नाही, ताई. उलट तुमच्यासारखे प्रेक्षक हेच तिचे बहुसंख्य प्रेक्षक असणार.

तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती मला मान्य नाही. आवड खरी असेल तर ती खेळून सिद्ध करावी लागते, असं तुम्ही धरून चालला आहात. केसरबाई केरकर तुमच्याच तालुक्यातल्या, केरीच्या. त्यांचं ध्वनिमुद्रण ऐकून डोळे मिटणाऱ्या माणसाला आपण कधी म्हणतो का, की आधी दोन ताना घेऊन दाखव? आपल्या भाषेत त्या माणसासाठी 'रसिक' हा स्वतंत्र शब्द आहे आणि तो मानाचा आहे. जाणकार वेगळा, रसिक वेगळा. एकाच घरात एक जाणकार आणि एक रसिक असेल, तर ते भाग्य म्हणायला हवं. तुमच्या घरात त्याचं भांडण झालंय, एवढंच.

आणि रडण्याबद्दल. १२ डिसेंबर २०२४ला सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात चीनच्या डिंग लिरेनकडून हत्तीची चुकीची चाल झाली आणि १८ वर्षांचा गुकेश जिंकला. त्यानंतर तो तिथेच बसून रडत होता, आणि रडता रडता एकेक सोंगटी पुन्हा आपल्या जागेवर मांडत होता. ते दृश्य तुमच्या यजमानांनी नक्की पाहिलं असणार. त्यांचे डोळे तेव्हा कोरडे होते का, हे त्यांना विचारा. टोमणा म्हणून नको, खरोखर जाणून घ्यायला विचारा. जुनं उदाहरण हवं असेल तर १९७२ साली आइसलँडमधल्या रेक्याविकला जगज्जेतेपदाच्या लढतीत अमेरिकेच्या फिशरनं सहावा डाव इतका सुंदर जिंकला की प्रेक्षकांबरोबर समोर हरलेल्या स्पास्कीनंही टाळ्या वाजवल्या. बुद्धिबळात भावना सिनेमावाल्यांनी बाहेरून आणून घातलेल्या नाहीत. त्या पहिल्यापासून तिथेच आहेत, खेळणारे फक्त त्या चेहऱ्यावर दिसू देत नाहीत.

आता तुमच्या यजमानांची बाजू. ते जे म्हणतात ते खरं आहे, आणि ते समजून घ्यायला खेळ यावा लागत नाही. पट मांडताना प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर यायला हवं. सिनेमात कितीदा तरी तिथे काळं घर असतं. हार मानताना राजा आडवा पाडणं पडद्यावर छान दिसतं, पण प्रत्यक्षात घड्याळ थांबवतात आणि हात मिळवतात. आणि एकेका चालीसाठी वीस-पंचवीस मिनिटं विचार करणारी माणसं पडद्यावर कॅरम खेळल्यासारखी हात चालवतात. ऐतिहासिक नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं तर तुम्हाला जसं खटकेल, तसंच त्यांना खटकतं. ज्या गोष्टीवर आपण वीस-पंचवीस वर्षं जीव लावला, ती कुणी निष्काळजीपणे हाताळली की लागतंच.

पण एक सांगू? मला नाही वाटत त्यांना फक्त उलटा पट खटकतो.

पत्राच्या चौथ्या पानावर तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेला आहात: "यांच्या स्पर्धा कुठे-कुठे असतात, मी डबा देते, संध्याकाळी जिंकलात का विचारते." ताई, मालिकेतल्या त्या मुलीचा चेहरा तुम्ही सात भाग, तीनदा पाहिलात. तिची भुवई कधी हलते हे तुम्हाला पाठ आहे. डाव अडलेला असताना तुमच्या नवऱ्याचा चेहरा कसा होतो, हे तुम्ही १९ वर्षांत एकदा तरी पाहिलंय का? वेळ संपत आलेली असते तेव्हा ते ओठ चावतात की पाय हलवतात? जिंकलात का, या प्रश्नाला उत्तर एका शब्दाचं असतं. त्या एका शब्दामागे चार-चार तास असतात, आणि त्या तासांना घरात कुणी साक्षी नाही. त्याच घरात पडद्यावरच्या अनोळखी खेळाडूसाठी मात्र बायकोचे डोळे भरतात. "तुला रडायला निमित्त हवंय" हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं, ते कठोर होतं. त्याच्या आत काय होतं हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण मला तरी त्यात चुकीच्या पटाचा राग कमी आणि आपल्याकडे कुणी असं कधी पाहिलं नाही, ही खंत जास्त ऐकू येते.

याचा दोष मी तुमच्यावर टाकत नाही. त्यांनीही तुम्हाला कधी 'ये, बस' म्हटलं नाही. दोनदा शिकवायला बसले तेव्हा काय केलं, तर पहिल्याच दिवशी सलामीच्या चाली पाठ करायला दिल्या. त्यात कुणाचंही मन उडेल. सत्यजित राय यांचा १९७७चा 'शतरंज के खिलाडी' तुम्ही पाहिला असेल. १८५६चं लखनौ. इंग्रज अवध गिळायला निघालेत आणि दोन नवाबजादे डाव मांडून बसलेत. त्यात मिर्झाची बेगम एकदा सोंगट्याच लपवून ठेवते, तर हे दोघं घरातला भाजीपाला पटावर मांडून खेळ चालू ठेवतात. लोक त्या प्रसंगाला हसतात. मला मात्र दरवेळी त्या बेगमेचं वाईट वाटतं. तिची लढाई खेळाशी नव्हती, आपल्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाशी होती. तुमच्या घरात आज दोन खोल्या आहेत आणि दोघांच्याही पाठी एकमेकांकडे आहेत.

म्हणून खेळ शिका असं मी म्हणणार नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून शिकलात तर महिनाभरात पुन्हा सोडाल, आणि मग ते म्हणतील, बघ, सांगितलं होतं. शिकायची इच्छा स्वतःहून झालीच, तर शेवटाकडून सुरुवात करा. राजा आणि एक प्यादं इकडे, एकटा राजा तिकडे. कापाब्लांका हा क्यूबाचा जगज्जेता हेच सांगायचा, की आधी शेवटचा खेळ शिका, सोंगट्या थोड्या असतात, डोळ्यांना दिसतं. पण ही घाई नाही. आधी करायच्या दोन-तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली म्हणजे हेडफोन काढा. मालिका चालू असताना चुका काढायच्या नाहीत, एवढं एकच वचन त्यांच्याकडून घ्या. त्याच्या बदल्यात भाग संपल्यावर अर्धा तास त्यांचा. त्या अर्ध्या तासात पट काढून डाव मांडायचा आणि त्यांनी बोलायचं, तुम्ही ऐकायचं. त्यांना हेही सांगा, की या मालिकेतले डाव हवेतले नाहीत. गॅरी कास्पारोव आणि अमेरिकी प्रशिक्षक ब्रूस पँडोल्फिनी सल्लागार होते, आणि शेवटच्या भागातला डाव बऱ्याच चालींपर्यंत १९९३ साली स्वित्झर्लंडमधल्या बीलला इवानचुक आणि वोल्फ या दोन ग्रँडमास्टरांत झालेल्या खऱ्या डावावर बेतला आहे. तो मूळ डाव त्यांना शोधायला सांगा. कुठपर्यंत सारखा आहे आणि मालिकेनं कुठे वेगळी वाट धरली, हे शोधताना त्यांची रात्र कुठे गेली ते त्यांनाच कळणार नाही.

दुसरी गोष्ट मला फार आवडलेली आहे. एका मैत्रिणीच्या घरी मी ती करून पाहिली. मोठ्या स्पर्धांच्या प्रक्षेपणात एका बाजूला पट आणि दुसऱ्या बाजूला खेळाडूंचे चेहरे दिसतात. समालोचनाचा आवाज बंद करायचा. यजमानांनी फक्त पट बघायचा, तुम्ही फक्त चेहरे. दर दहा मिनिटांनी दोघांनी कागदावर लिहायचं: अडचणीत कोण? मग कागद उघडायचे. सुरुवात हडफड्याच्या वर्ल्ड कपपासून करा. २०६ खेळाडू, हरला तो घरी. नियमित वेळेचे दोन डाव, बरोबरी झाली की तिसऱ्या दिवशी जलद डाव, आणि तिथे चेहऱ्यावर काही लपत नाही. जगज्जेता गुकेश तिसऱ्याच फेरीत बाहेर पडला. अंतिम सामन्यात उझबेकिस्तानचा १९ वर्षांचा सिंदारोव आणि चीनचा वेई यी यांच्यात बरोबरी झाली आणि निकाल जलद डावांत लागला. हे सगळं तुमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर घडत होतं आणि तुम्ही त्या वेळी पडद्यावरचं खोटं जेतेपद बघत होता, याची चुटपुट तुम्हीच पत्रात लिहिली आहे. आता एकत्र बघा. पट न कळताही तुमचं उत्तर बरेचदा बरोबर येईल, अशी माझी अटकळ आहे. इतके सिनेमे बघून तुम्ही चेहरे वाचायला शिकला आहात, हे त्यांना त्या दिवशी कळेल.

मुलीकडे वळण्याआधी सिनेमे काय लपवतात, तेही बोलू. कारण तिनं बुद्धिबळ तिथूनच पाहिलंय.

सिनेमात सराव तीन मिनिटांत होतो, मागे संगीत असतं. बरोबरीचे डाव नसतात. सकाळी सहाची बस नसते, हॉलबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले पालक नसतात. प्रतिभावंत म्हणजे एकटा, आणि बहुतेक वेळा अर्धा वेडा, असंही सिनेमांना फार आवडतं. आणि बाईच्या बाबतीत तर सिनेमा सोयीस्करपणे विसरतोही. तुमच्या त्या मालिकेत एक वाक्य आहे, की जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विली कधी पुरुषांविरुद्ध खेळल्याच नाहीत. प्रत्यक्षात मालिकेतला तो प्रसंग ज्या काळात घडतो, त्याच्या आधीपासून त्या पुरुषांशी खेळत होत्या, आणि १९७८ साली ग्रँडमास्टर किताब मिळवणारी पहिली स्त्री त्याच. २०२१ मध्ये त्यांनी खटला भरला, पुढच्या वर्षी तो आपसात मिटला. ऐंशीच्या घरातल्या त्या बाईला स्वतःचं आयुष्य परत मागायला कोर्टात जावं लागलं, ही गोष्ट मुलीला सांगाच.

आणि आपल्या भाषेतली गोष्टही सांगा. संगीत नाटकं लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आपल्याकडच्या प्रत्येक नाटकवेड्या घराला ठाऊक आहेत. त्यांच्या पणत्या वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर या सत्तरच्या दशकात राष्ट्रीय महिला विजेत्या होत्या. त्यातली रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा ती १३ वर्षांची होती. त्यावर इतकी हरकत घेतली गेली की प्रकरण फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघापर्यंत गेलं, आणि तिचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. नाटककाराची पणती आणि असं खरंखुरं नाट्य. यावर कुणी मराठीत सिनेमा काढावा, असं मला मनापासून वाटतं.

तिला आणखी एक दाखवा. सिनेमात सगळ्यात ताकदवान सोंगटी राणी असते, म्हणून तिथे नायिका शोभते. आपल्याकडे तीच सोंगटी वजीर आहे, पुरुष. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातही ती एका वेळी तिरकं एकच घर चालायची, नंतर तिला आजची चाल मिळाली. तुमची मुलगी तिला राणी म्हणते की वजीर, ते विचारा. मी शिकवलेल्या एका मुलीनं मला सांगितलं होतं, "बाई, प्यादं मुलगी असतं, वजीर झाल्यावर सगळे घाबरतात." मी ते विसरलेले नाही.

हौस सिनेमातून आली म्हणून ती हलकी ठरत नाही. आपल्यातले किती जण गाणं शिकले ते एखादं नाट्यपद कानावर पडलं म्हणून! सुरुवात कुठूनही होवो, टिकते की नाही हे पुढे कळतं. त्यामुळे लगेच फी भरू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. पहिले तीन-चार आठवडे घरीच खेळू द्या. सुरुवातीला नुसत्या राजा आणि आठ-आठ प्याद्यांचा डाव. ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. मग एकेक सोंगटी वाढवायची. लिचेस या संकेतस्थळावर फुकट खेळता येतं, पण दिवसाला ठरावीक वेळ, आणि साधा पट हवाच, कारण सोंगटी हातात धरून थांबायला शिकणं हे मोबाइलवर होत नाही.

त्यानंतर तिला एका दिवसाच्या जलद स्पर्धेत उतरवा. ती जिंकते की हरते, याला त्या दिवशी काही अर्थ नाही. दुसरा डाव हरल्यावर ती काय करते, ते पाहा. घरी जाऊया म्हणते, की "मी इथे घोडा हलवायला नको होता" म्हणून कुणाला तरी पकडून दाखवायला बघते? दुसरं झालं तर वर्गाला घाला. पहिलं झालं तर सिनेमे बघत राहू द्या, त्यात कमीपणा नाही. आणि वर्गाला घातलीत तर पहिले शिक्षक वडील नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला त्यांनी शिकवलं तेव्हा काय झालं ते तुम्हीच लिहिलंय. शिवाय हरून आलेल्या मुलीला घरात फक्त बाबा हवे असतात, परीक्षक नको.

यजमानांना वाटेल की एवढ्यानं काही होत नाही. त्यांना गोव्याचंच उदाहरण द्या, ते तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. लिऑन मेंडोन्सा आणि त्याचे वडील मार्च २०२०मध्ये हंगेरीत होते आणि टाळेबंदीत तिकडेच अडकले. परत येता येईना, तर मिळेल ती स्पर्धा खेळत राहिले आणि वर्ष संपेपर्यंत तो पोरगा चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर किताबाच्या अटी पुऱ्या करून मोकळा झाला. त्या गोष्टीत मला नेहमी त्याचे वडील दिसतात. परक्या देशात, महिनोन्महिने, मुलाचा डाव संपायची वाट बघत बसलेले. ते काय बघत असतील? पट तर लांब असणार.

म्हणून शेवटची सूचना, आणि माझ्या मते सगळ्यात आधी करायची. यजमानांची पुढची स्पर्धा फोंड्यात, मडगावात, पणजीत कुठेही असो, एक रविवार मोकळा काढा. मोठ्यांच्या स्पर्धेत प्रेक्षकांना आत बसू देतात का, ते आयोजकांना आधी विचारून घ्या. मोबाइल पर्समध्येही नको, बाहेर जमा करा. पाण्याची बाटली न्या, खुर्चीचा आवाज होणार नाही अशी जागा बघा. पट दिसेल तिथे बसू नका, त्यांचा चेहरा दिसेल तिथे बसा. पहिला तास काहीच घडणार नाही, कंटाळा येईल, येऊ द्या. कधीतरी घड्याळाकडे बघताना त्यांची नजर वर जाईल आणि तुम्ही दिसाल. तेव्हा हात हलवू नका, हसूही नका. तशाच बसून राहा. आणि संध्याकाळी गाडीत जिंकलात का असं विचारण्याऐवजी, तुम्ही त्यांना पाहिलंत त्यातला एखादा क्षण विचारा: "साडेअकराच्या सुमाराला तुम्ही बराच वेळ कपाळावर हात ठेवून बसला होता. तेव्हा काय चाललं होतं?"